डोंबिवलीतला अबोला

परत आल्यापासून कॉलेजात जो तो विचारतो, "मग, मुंबई पाहिली का?" मी नाही म्हटलं की त्यांना वाटतं मी थट्टा करते. पण खरंच नाही पाहिली. नवरात्राच्या थोडं आधीपासून दसरा उलटेपर्यंत मी ठाण्यापासून कल्याणपर्यंतच फिरत होते. समुद्राच्या जागी खाडी पाहिली, आणि बागांच्या जागी कारखान्यांची फाटकं.

कामच तसं होतं. मी नागपूरला इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. मुंबईच्या एका संस्थेला पाहणी करून हवी होती, की आपले कारखाने 'कृत्रिम बुद्धिमत्ता' वापरायला कितपत तयार आहेत. नाव भारदस्त आहे, पण गोष्ट समजायला सोपी. एखादा जुना जाणता कामगार यंत्राचा बिघाड कसा ओळखतो, हे त्याला विचारून विचारून काढून घ्यायचं. 'आवाज असा असेल तर हे बघ, तिथं गरम लागलं तर ते बघ' अशा नियमांत ते बसवायचं आणि कॉम्प्युटरमध्ये भरायचं. मग तो माणूस रजेवर असला तरी कॉम्प्युटर सल्ला देतो. परदेशात हे चालू झालं आहे. आपल्याकडे चालेल का, हे मी बघून यायचं होतं.

खरं तर आम्ही दोघं जाणार होतो, पण माझ्या सहकाऱ्याच्या बायकोचे दिवस भरत आले आणि त्याने माघार घेतली. मला माघार घ्यायला कारण नव्हतं. आई उन्हाळ्यात गेली. घरातून निघताना कोणाची समजूत घालावी लागली नाही, डबा करून देऊ का असं कोणी विचारलं नाही. कुलूप लावलं, किल्ली शेजारच्या देशपांडेकाकूंना दिली आणि निघाले.

डोंबिवली

स्टेशनाजवळच्या लॉजवर मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. "सोबत कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर त्याने रजिस्टर मिटलं. "एकट्या लेडीजला देत नाही आम्ही." दुसऱ्या लॉजवरही तेच. बॅग घेऊन मी पुलावर उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण नागपूरलाच बरे होतो.

शेवटी संस्थेच्या ओळखीने एमआयडीसीच्या पलीकडच्या एका जुन्या गावठाणात खोली मिळाली. चारी बाजूंनी कारखाने आणि मध्ये कौलारू घरांचा पुंजका. घरमालकीण चांगुणामावशी, आगरी बाई, साठीच्या पुढची, नऊवारी गुडघ्यापर्यंत कसलेली. मुलींची लग्नं झालेली, नवरा गेलेला. तिने मला दारातच विचारलं, "एकलीच आलीस गो बाय? घरा कोन हाय?"

"आहेत सगळे," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. तोंडातून गेलं.

"मासली खातेस ना?"

आमच्याकडे मासे म्हणजे नदीचे, तेही कधीमधी. मटणाची तर्री मी कितीही तिखट खाईन, पण मावशीने पुढे ठेवलेल्या सुकटीच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं. तांदळाची भाकरी मात्र अशी की ज्वारीची आठवण राहू नये. मऊ, पांढरी, कडेला जरा फाटलेली. मी भाकरीच नुसती खात होते. मावशीने ते पाहिलं आणि चुलीवर वांगं भाजायला टाकलं.

पहिल्या आठवड्यात माझ्या दोन फजित्या झाल्या. भाजीवाल्याकडे मी सांबार मागितला. नागपूरला सांबार म्हणजे कोथिंबीर. त्याने मला शांतपणे समोरच्या उडुप्याच्या हॉटेलाकडे बोट दाखवलं. दुसरी फजिती गटाराची. एमआयडीसीतून चालताना पाय घसरून गटारात गेला. तिथलं पाणी त्या दिवशी गुलाबी होतं. रंगाच्या कारखान्यांमुळे ते कधी हिरवं असतं, कधी जांभळं. साडीचा काठ गुलाबी झाला तो अजून तसाच आहे. मावशी म्हणाली, "बरा रंग लागलाय. पैले इथं भात पिकायचा. तवा पाय चिखलानं भरायचं."

या दोन्ही गोष्टी कोणाला तरी सांगाव्या असं मला फार वाटलं. संध्याकाळी नाक्यावरच्या एसटीडी बूथवर रांग असायची. पिवळी पाटी, काचेचं कपाट, आत उभं राहून ओरडून बोलणारी माणसं. मीही रांगेत उभी राहिले. नंबर आल्यावर देशपांडेकाकूंना लावला आणि विचारलं, "काकू, तुळशीला पाणी घालता ना?"

"घालते गं कुंदा. एवढ्यासाठी फोन केलास?"

सांबाराची गोष्ट सांगायची राहूनच गेली. घरी आल्यावर मावशीने विचारलं, "बोललीस घरा? बरी हायेत समदी?" मी म्हटलं, "हो, बरी आहेत."

ठाणे

वागळे इस्टेटमधल्या एका लहान कारखान्याच्या मालकाने मला त्याचा कॉम्प्युटर मोठ्या अभिमानाने दाखवला. प्लास्टिकचं आवरण, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, शेजारी उदबत्तीचं घर. गेल्या दिवाळीपासून तो सुरूच केलेला नव्हता. मालकाने खुर्ची जवळ ओढून हळूच विचारलं, "मॅडम, ही बुद्धी वेगळी विकत घ्यायची, की ह्याच्यातच येते?"

मला हसू आवरेना. पण बाहेर रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की हे सांगून दोघांनी हसावं असं कोणी बरोबर नाही. एकट्याचं हसू फार लवकर संपतं.

एकंदर कारखान्यांची स्थिती पाहून मी थोडी निराश झाले. कुठे विजेचा दाब इतका खालीवर की मशीन जळायचं. कुठे बिघाडाची नोंदच ठेवत नाहीत, मिस्तरीला बोलावतात आणि विसरतात. कुठे फक्त पगाराची पत्रकं छापण्यासाठी कॉम्प्युटर.

एक दुपार मोकळी मिळाली म्हणून टेंभी नाक्यावर नवरात्राच्या देवीला गेले. रांग रस्त्याच्या पार टोकापर्यंत. बायका नटूनथटून, घोळक्याघोळक्याने. ओटीचं सामान विकणारीने विचारलं, "कितीजणी आहात? एक ओटी की जास्त?" मी एक म्हटलं. नारळ, खण, तांदूळ हातात देताना ती सहज म्हणाली, "घरातल्या सगळ्यांच्या नावाने भरा हां." देवीपुढे पोचले तेव्हा मागून रेटा होता. आईचं नाव घ्यावं की नाही, गेलेल्या माणसाच्या नावाने ओटी भरतात का, हे विचारायला कोणी नव्हतं. मी कोणाचंच नाव घेतलं नाही.

पुन्हा डोंबिवली

ज्या कारखान्यासाठी हे सगळं लिहिते आहे तो डोंबिवलीच्या एमआयडीसीतच होता. विजेच्या मोटारी बनवायचा. कागदावर बघितलं तर सगळ्यांत तयार कारखाना हाच. नोंदी व्यवस्थित, विजेला स्टॅबिलायझर, आणि कॉम्प्युटरसाठी काचेच्या भिंतींची एसी लावलेली खोली.

मॅनेजर प्रधानसाहेब उंच, सडपातळ, बोलताना चष्मा पुसत राहणारे. मला म्हणाले, "शंभर टक्के तयार आहोत आम्ही. तुम्ही तसं लिहा." कारण त्यांनी लपवलं नाही. कंपनी नव्या जातीच्या मोटारींचा विभाग काढणार होती, आणि तो इथे काढायचा की गुजरातेतल्या कारखान्यात, हे ठरायचं होतं. माझा अहवाल चांगला आला तर डोंबिवलीचं पारडं जड होणार होतं.

काचेच्या खोलीत शैला नावाची मुलगी एकटी काम करायची. पंचविशीची, दिव्याला राहणारी. चपला बाहेर काढून मी आत गेले तशी ती उभीच राहिली. मग जी बोलायला लागली ती थांबेना. कॉम्प्युटर कधी आला, कुठला कोर्स केला, प्रिंटरची रिबन कशी अडकते, एसीमुळे हिवाळ्यात कशी हुडहुडी भरते. मला वाटलं, स्वभावच बोलका असेल.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये गेलो तेव्हा कळलं. कँटीन गच्च भरलेलं. शैला कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसली आणि त्या टेबलावर दुसरं कोणी आलं नाही. पॅकिंगच्या बायका शेजारच्या बाकावर दाटीवाटीने बसल्या, एकीला तर जागा नव्हती म्हणून ती उभ्याने जेवली. पण इकडे आली नाही.

"हे काय आहे?" मी विचारलं.

शैला डब्यातली भाजी हलवत म्हणाली, "काय नाय मॅडम. गेल्या वर्षी हजेरी कॉम्प्युटरवर घेतली ना. उशिरा आलेल्यांचा अर्धा दिवस कापला गेला पहिल्याच महिन्यात. बऱ्याच जणांचा. प्रिंट मी काढलेली. तेव्हापासून कोण बोलत नाय माझ्याशी."

"पण कापला तो कंपनीने."

"ते मला माहीत आहे. उशिराचं कारण लिहायची जागा केलेली मी. ऑफिसमधून कोणी भरूनच दिलं नाय. पण कागद माझ्या खोलीतून आला ना."

मी त्या दिवसापासून रोज तिच्या टेबलावर जेवले. ती घरचं कालवण आणायची, मी मावशीची भाकरी न्यायचे. दुसरी जागा मलाही नव्हती.

मोटारींची तपासणी करणाऱ्या विभागाचे प्रमुख म्हात्रे. फिरती मोटार ऐकून दोष सांगणारी चारपाच माणसं होती, त्यांत ते सगळ्यांत जुने, आणि युनियनचेही पुढारी. सल्ला देणारी ही 'तज्ज्ञ प्रणाली' बनवायची तर याच माणसांना बोलतं करायला हवं होतं. मी प्रधानसाहेबांना सांगून एक बैठक ठरवली. काचेच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. शैलाने फळ्यावर मोटारीचं चित्र काढलं, कँटीनमधून वडे मागवले. आम्ही वाट बघत बसलो.

कोणी आलं नाही.

काचेतून यंत्रांचं सगळं दालन दिसत होतं. माणसं कामं करत होती, आमच्याकडे पाठ करून. मुद्दाम केल्यासारखं नाही, पण कोणी मान वळवत नव्हतं. वडे गार झाले. एसीची घरघर तेवढी. शैला खुर्च्या पुन्हा एकावर एक ठेवायला लागली आणि म्हणाली, "मला वाटलेलं, तुमच्यासाठी तरी येतील."

म्हात्रे हे चांगुणामावशीचे पुतणे निघाले. संध्याकाळी ते अंगणात बसलेले दिसले. मावशीने चहा केला आणि आम्हा दोघांना समोरासमोर बसवून ती आत गेली.

"राग मानू नका मॅडम," म्हात्रे म्हणाले. "तुम्ही पाहुण्या आहात. पण एक सांगा. मला जे येतं ते मी सगळं तुमच्या मशीनला सांगितलं, तर उद्या कंपनी मला कशाला ठेवील?"

मी म्हटलं, "कंपनीने ठेवायला हवं. नव्या मोटारी येतील, नवे दोष येतील, त्यासाठी—"

"हवं ते मला कळतं. ठेवील का, ते विचारतोय."



त्यांनी कारखान्याच्या दिशेला हात केला. "जिथं माझी तपासणीची जागा आहे ना, तिथं आमचं शेत होतं. जमीन गेली तेव्हा घरटी एक नोकरी दिली. बापाचं शेत गेलं, पण मी त्याच जागेवर उभा तरी आहे. तिथून उठवलंत तर मी जायचं कुठं?"

"आणि शैलाशी का बोलत नाही तुम्ही लोक? तिने काय केलं?"

म्हात्र्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "पोरगी वाईट नाय," ते म्हणाले. "पण सुरुवात कोण करणार? आता वर्ष झालं. जो पहिला बोलेल त्याला बाकीचे बोलतील."

दिवा

रविवारी शैलाने मला घरी जेवायला बोलावलं. दिव्याला स्टेशनाबाहेर नव्या चाळी उभ्या राहिल्या आहेत, एकीला लागून दुसरी, गिलावा न केलेल्या. भाडं कमी म्हणून माणसं येतात आणि मग पाण्यासाठी हंडे घेऊन फिरतात. शैलाच्या दारातही हंडे, कळश्या, डबे, जे सापडेल ते भरून ठेवलेलं. तरी तिच्या आईने मला पाय धुवायला अख्खा तांब्या दिला. मी नको म्हणत होते.

"अशी कशी नको? ही रोज तुमचं नाव घेते," आई म्हणाली. माणसं मूळची कोकणातली. खोलीत भाऊ, वहिनी, त्यांचं लहान मूल, आणि मी. बसायला जागा नव्हती आणि ते कोणाच्या लक्षातही नव्हतं. तांदळाच्या पातळ घावनांबरोबर नारळाचं गोड दूध वाढलं. मी पहिल्यांदाच खाल्लं आणि तिसरं घावन मागून घेतलं.

आई वाढता वाढता म्हणाली, "कारखान्यातली माणसं चांगली मिळाली हो हिला. कँटीनमध्ये हिच्यासाठी जागा धरून ठेवतात म्हणे. त्या पॅकिंगच्या बायका तर हिला सोडतच नाहीत. होय ना?"

मी शैलाकडे पाहिलं. ती आमच्याकडे पाठ करून स्टोव्हपाशी घावन उलटत होती. हात थांबला होता.

"हो तर," मी म्हटलं. "दोन टेबलं जोडून बसतो आम्ही. इतका गोंगाट असतो की कँटीनवाला ओरडतो."

"ती एक जाडी बाई आहे ना, नकला करणारी?"

"आहे ना. परवा तिने प्रधानसाहेबांची चष्मा पुसायची नक्कल केली. आम्हाला ठसका लागायची वेळ आली."

आई पोटभर हसली. वहिनीही हसली. मी आणखी दोनतीन गोष्टी रचल्या. सांबाराची फजितीही त्यातच घातली, आणि ती मात्र खरी होती. सगळे इतके हसले की मूल दचकून रडायला लागलं. मला फार बरं वाटलं.

स्टेशनापर्यंत सोडायला शैला आली. चाळी मागे पडेपर्यंत ती पुढे पुढे चालत होती. मग म्हणाली, "तुम्ही खोटं छान बोलता मॅडम."

"मावशीला मी रोज सांगते, माझ्या घरी सगळे बरे आहेत म्हणून," मी म्हटलं. "घरी कोणी नाही."

ती थांबली. माझ्या हातातली पिशवी, ज्यात तिच्या आईने घावनं बांधून दिली होती, ती तिने स्वतःकडे घेतली आणि फलाटावर गाडी येईपर्यंत धरून उभी राहिली.

खंडेनवमी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा असते. आमच्याकडे शेतातली अवजारं, घरातली विळी-कोयती पुजतात. इथे लेथ, प्रेस, क्रेन, सगळ्यांना झेंडूचे हार. कामगारांची घरची माणसं आलेली, मुलं नव्या कपड्यांत, बायका रांगोळ्या काढतायत. हमालाच्या हातगाडीलाही हार होता. कँटीनच्या वजनकाट्यालाही.

काचेच्या खोलीपाशी येऊन तबक घेतलेली माणसं वळून पुढे गेली.

मी खोलीच्या बाहेर उभी होते. शैला आत खुर्चीवर बसली होती. ती उठली, दार उघडून बाहेर आली आणि सरळ म्हात्र्यांसमोर जाऊन उभी राहिली. मी तिला असं चालताना पूर्वी पाहिलं नव्हतं.

"म्हात्रे, एक हार द्या," ती म्हणाली. "हे पण मशीनच आहे."

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

"तुमचा अर्धा दिवस कापला तेव्हा तुमची मुलगी आजारी होती. मला माहीत आहे. कारण लिहायची जागा मी केलेली. ऑफिसने भरली नाही. मी सांगायला आलेले तेव्हा तुम्ही उठून गेलात." तिने श्वास घेतला. "शिव्या द्यायच्या तर द्या. पण वर्ष झालं. कोणीतरी बोला माझ्याशी."

म्हात्र्यांनी तबकाकडे पाहिलं, मग मागच्या माणसांकडे. त्यांनी हार उचलला, खोलीच्या दाराशी चपला काढल्या, आत गेले आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर हार घातला. तो घसरून कीबोर्डवर पडला. पुन्हा घातला, पुन्हा पडला. शेवटी शैलाने चिकटपट्टी आणली आणि दोघांनी मिळून तो वरच्या कडेला चिकटवला.

"नारळ आत नको फोडू," पॅकिंगमधली एक बाई दारातून शैलाला म्हणाली. "पाणी जाईल त्याच्यात."

"पायरीवर फोडा," शैला म्हणाली.

एवढंच झालं. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. पण नारळ पायरीवर फुटला, आणि त्या बाईने खोबऱ्याचा तुकडा आधी शैलाच्या हातावर ठेवला. मग बायका तिला घेऊन रांगोळ्या बघायला गेल्या. आपापली मुलं तिला दाखवत होत्या. मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले. सगळीकडे घरोघरची माणसं होती. मग चपला घातल्या आणि फाटकाबाहेर पडले.

त्याच्या आधीच मी प्रधानसाहेबांना एक प्रश्न विचारून ठेवला होता. तपासणीच्या माणसांनी त्यांचं ज्ञान कॉम्प्युटरला दिलं तरी त्यांतल्या कोणाला काढणार नाही, असं कंपनी लिहून देईल का? दसऱ्यानंतर त्यांनी मला बोलावलं.

"मुख्य कार्यालय नाही म्हणालं," ते म्हणाले. "असं काही लिहून देता येणार नाही."

"मग मला तयार आहे असं लिहिता येणार नाही."

त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "माणसांनी नकार दिला म्हणून?"

"नाही. माणसांनी होकार द्यावा असं कंपनीने त्यांना काही सांगितलेलंच नाही म्हणून. मशीन तयार आहे. तेच लिहिणार आहे."

"नवा विभाग जाईल मग गुजरातेत. समजतंय ना तुम्हाला? म्हात्र्यांची नोकरी वाचेल, पण इथल्या पोरांना जी नवी कामं मिळाली असती ती नाही मिळणार."

"समजतंय."

ते उठून खिडकीपाशी गेले. त्यांचं कुटुंब पुण्याला आहे, ते इथे कंपनीच्या क्वार्टरमध्ये एकटे राहतात, हे मला शैलाकडून कळलं होतं. मग म्हणाले, "लिहायच्या आधी मला सांगितलंत. इथे मला कोणी आधी सांगत नाही. सगळं शेवटी कळतं." त्यांनी चहा मागवला. आम्ही तो प्यायलो, आणि कामाचं काही न बोलता त्यांनी मला नागपूरच्या संत्र्यांबद्दल विचारलं.

कल्याण

नागपूरची गाडी कल्याणहून धरायची होती. म्हात्रे रिक्षा घेऊन आले, माझी बॅग त्यांनीच उचलली. अहवालात काय लिहिणार ते मी त्यांना सांगितलं होतं. वाटेत ते म्हणाले, "माझा धाकटा भाऊ बेकार आहे मॅडम. नव्या विभागात लागेल म्हणून आशा होती त्याला." फलाटावर त्यांनी बॅग डब्यात ठेवून दिली. "तुम्ही चूक केलं असं नाय म्हणत मी," ते खिडकीतून म्हणाले. "बरोबर केलं असंही नाय म्हणत."

चांगुणामावशीने जेवणाच्या डब्यात सुकट बांधून दिली होती. इगतपुरीच्या पुढे सगळा डबा नाकाला रुमाल लावून बसला आणि मी खिडकीकडे तोंड करून, जसं काही आपला संबंधच नाही. निघताना मावशीने माझ्या तोंडावरून हात फिरवला होता आणि म्हणाली होती, "घरा कोन नाय, हाय ना? मना पैल्या दिसालाच कललं. परत ये." तिला ते कसं कळलं, मी विचारलं नाही.

घरी येऊन कुलूप उघडलं. तुळस खरंच हिरवी होती. अहवाल लिहिला, पाठवला, कॉलेज सुरू झालं. गुलाबी काठाची साडी धोब्याने दोनदा परत केली.

गेल्या आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसात माझ्यासाठी ट्रंक कॉल आला. शैला होती. लाइन खराब, ती ओरडून बोलत होती. नवा विभाग गुजरातेत गेला, तिने सांगितलं. काही लोक माझ्या नावाने अजून बोटं मोडतात. म्हात्र्यांच्या भावाला भिवंडीत यंत्रमागावर काम मिळालं, त्याला ते आवडत नाही. हजेरीच्या कागदावर आता उशिराचं कारण भरून येतं, कारण म्हात्रे स्वतः ऑफिसात जाऊन उभे राहतात. आणि परवा ते काचेच्या खोलीत आले होते, एकटेच. मोटारीचा एक आवाज तिला तोंडाने काढून दाखवला आणि म्हणाले, हा आला की बेअरिंग बघायची, लिहून ठेव तुझ्यापाशी, कंपनीला नको देऊस.

"मग ठेवलंस का?" मी विचारलं.

"ठेवलं ना. अजून सांगणार आहेत. मॅडम, मी—" मागून कोणीतरी तिला हाक मारली, बायकांचा हसण्याचा आवाज आला. "आले गं, आले! मॅडम, ठेवते हां, सगळ्या थांबल्यात माझ्यासाठी, चहा गार होतोय—"

फोन बंद झाला. मी रिसीव्हर हातात धरून उभी होते. मी कशी आहे, हे तिने विचारलंच नव्हतं. घाईत राहून गेलं असणार. कोणी विचारलं नाही याचं आई गेल्यापासून मला पहिल्यांदाच बरं वाटलं.